चाचणी झाली, पुढे काय? अमेरिकेतले कृष्णवर्णीय समलैंगिक पुरुष आणि लैंगिक आरोग्य तपासणीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आम्ही दोन आकड्यांपासून करतो. जून २००५ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे रोगनियंत्रणाचं काम पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, एक छोटासा अहवाल छापला. बाल्टिमोर, लॉस एंजेलिस, मायामी, न्यू यॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या पाच शहरांत, पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांची एचआयव्ही चाचणी केली होती. त्यातले कृष्णवर्णीय पुरुष वेगळे काढले तर ४६ टक्के पॉझिटिव्ह निघाले. आणि या पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी ६७ टक्क्यांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता.

आकडे ऐकताना एक सावधगिरी बाळगायची. ही माणसं बार, क्लब अशा ठिकाणांहून निवडलेली होती; सगळ्या कृष्णवर्णीय समलैंगिक पुरुषांना हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण तो कितीही खाली ओढला तरी प्रश्न उरतोच. एचआयव्हीची चाचणी १९८५ पासून उपलब्ध होती. वीस वर्षं झाली होती. मग तीनातल्या दोघांना आपली स्थिती माहीत का नव्हती?

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे, आणि ते बऱ्याच चांगल्या पुस्तकांतही सापडतं. टस्कीगी. सरकारी डॉक्टरांनी कृष्णवर्णीयांना फसवलं, म्हणून ते डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून ते चाचणीला येत नाहीत. ऐकायला नीट बसतं. आम्हाला मात्र हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि त्याचा रोख चुकीच्या माणसाकडे आहे असंही वाटतं. का, ते टस्कीगीकडेच नीट पाहिलं की कळतं.

आधी शब्दाबद्दल थोडं. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी लावणं. माणसाला काही होत नाहीये, तक्रार नाही, तरी त्याला बोलावून तपासायचं. आजारी माणूस दवाखान्यात स्वतःच्या पायानं जातो. इथे दवाखाना माणसाकडे येतो. त्यामुळे स्क्रीनिंगमध्ये एक न लिहिलेला करार असतो: तू रक्त दे, काही निघालं तर आम्ही बघतो. आजचा सगळा इतिहास या कराराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आहे.

तर, अलाबामा राज्यातली मेकन काउंटी. टस्कीगी हे तिथलं मुख्य गाव. १९३० च्या सुमारास रोझेनवाल्ड फंड नावाच्या धर्मादाय निधीच्या मदतीनं तिथे सिफिलिसची पाहणी झाली, आणि तपासलेल्या कृष्णवर्णीयांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पॉझिटिव्ह निघाले. आपल्याकडे जुनी माणसं सिफिलिसला ‘गरमी’ म्हणत आणि गनोरियाला ‘परमा’. तिथे लोक म्हणत ‘बॅड ब्लड’, रक्त बिघडलंय. त्या दोन शब्दांत सिफिलिस यायचा, पंडुरोग यायचा, नुसता थकवाही यायचा. मूळ योजनेत पाहणीबरोबर उपचारही होते. मग महामंदी आली, निधीनं हात आखडता घेतला, आणि उपचारांचे पैसे संपले.

आता बघा काय झालं. उपचार थांबले, चाचणी चालू राहिली. १९३२ साली सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं ठरवलं की एवढे रुग्ण एका जागी आहेतच, तर उपचार न करता हा रोग कसा वाढतो ते पाहू. सुमारे ६०० पुरुष घेतले: ३९९ सिफिलिस असलेले, २०१ नसलेले. बेत काही महिन्यांचा होता. तो ४० वर्षं चालला.

इथे एक गैरसमज काढून टाकू, कारण व्याख्यानानंतर तो प्रश्न हमखास येतो. या माणसांना सिफिलिस टोचला नव्हता. तो त्यांना आधीच होता. त्यांना सांगितलं गेलं की तुमचं रक्त बिघडलंय आणि आम्ही इलाज करतोय. पाठीतलं पाणी काढायची वेदनादायक तपासणी ‘खास मोफत उपचार’ म्हणून पत्र पाठवून केली गेली. मेल्यावर शवविच्छेदन करू दिलं तर दफनाचा खर्च देऊ, असं आमिष होतं. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा खात्रीचा इलाज झाला. तो यांना दिला नाही. महायुद्धाच्या भरतीत सैन्यानं यांचं रक्त तपासलं असतं आणि उपचारही केले असते, म्हणून भरती मंडळाला नावांची यादी देऊन ही माणसं वगळायला लावली.

ही माणसं चाचणी टाळत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. ती येत होती. युनिस रिव्हर्स नावाच्या कृष्णवर्णीय नर्स त्यांना गाडीतून आणत, घरी सोडत, आणि ती वर्षानुवर्षं त्यांच्या भरवशावर येत राहिली. टस्कीगीत विश्वासाची वाण नव्हती. करार मोडला तो रक्त घेणाऱ्यानं.

पीटर बक्सटन या आरोग्य सेवेतल्याच तरुण कर्मचाऱ्यानं १९६६ पासून आत तक्रारी केल्या. कोणी दाद दिली नाही, तेव्हा त्यानं कागद पत्रकारांकडे दिले. जीन हेलर यांची बातमी जुलै १९७२ मध्ये देशभर छापून आली. त्या वेळी सिफिलिस असलेल्यांपैकी ७४ जण जिवंत होते. (त्याच उन्हाळ्यात मुंबईत दलित पँथर उभी राहत होती, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. या मूळ ब्लॅक पँथरनं तेव्हा मोफत दवाखाने आणि सिकलसेलची तपासणी चालवली होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.)

सिकलसेल हा शब्द विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या श्रोत्यांना नवा नाही. अमेरिकेत पँथर मंडळींनी तपासणी सुरू केली ती आपल्या लोकांसाठी, स्वेच्छेची. पण मग अनेक राज्यांनी ती कायद्यानं सक्तीची केली, आणि जे केवळ वाहक होते, ज्यांना काहीच आजार नव्हता, त्यांना विमा आणि नोकरी मिळणं अवघड झालं. हवाई दलाची अकादमी १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश देत नव्हती. तपासणी तीच, रक्त तेच. निकालाचा कागद कोणाच्या हातात, एवढाच फरक.

आतापर्यंतच्या गोष्टीत समलैंगिक पुरुष कुठे आहेत? कुठेच नाहीत, आणि हेही इतिहासाचंच अंग आहे. १९३० च्या दशकात थॉमस पॅरन यांच्या पुढाकारानं सिफिलिसविरुद्ध जी मोठी मोहीम निघाली, तिची एक मुख्य चाळणी लग्न ही होती. १९३५ मध्ये कनेक्टिकटनं लग्नापूर्वी रक्ततपासणी सक्तीची केली, मग बाकीची राज्यं मागे आली. नवरा, बायको, पोटातलं मूल, अशी ही चौकट. ज्याला लग्नच करायचं नव्हतं, किंवा लग्न करूनही ज्याची ओढ पुरुषाकडे होती, तो या चाळणीच्या बाहेरच राहिला.

तो चाळणीत आला १९८५ साली. २ मार्चला एचआयव्हीची पहिली चाचणी मंजूर झाली. मूळ हेतू रक्तपेढ्यांतलं रक्त तपासण्याचा. पण लोक निव्वळ चाचणी फुकट होते म्हणून रक्तदानाला येतील, ही भीती होती, म्हणून सरकारी पैशानं वेगळी केंद्रं उघडली, जिथे नाव न सांगता चाचणी करता येई.

त्या वेळी एका पंचविशीतल्या कृष्णवर्णीय समलैंगिक तरुणाच्या जागी उभं राहून पाहू. चाचणी केली तर काय मिळणार? औषध नाही, पहिलं औषध, एझेडटी, आलं मार्च १९८७ मध्ये, आणि त्याचा वर्षाचा खर्च होता ८ ते १० हजार डॉलर. काय जाणार? कोलोरॅडो राज्यानं १९८५ मध्येच पॉझिटिव्ह माणसांची नावं सरकारकडे कळवायला लावली. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात रुग्णांना वेगळं ठेवण्याची वाट मोकळी करणारा प्रस्ताव थेट मतदानाला आला. तो पडला, पण आला. सैन्यानं ऑक्टोबर १९८५ पासून भरतीच्या प्रत्येक उमेदवाराची चाचणी सुरू केली, पॉझिटिव्ह निघाला की बाद. आणि सैन्य हा गरीब कृष्णवर्णीय तरुणांसाठी नोकरीचा एक मोठा दरवाजा होता.

शिवाय कायदा. जून १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉर्जिया राज्याचा कायदा वैध ठरवला: दोन पुरुषांनी संमतीनं, घराच्या चार भिंतींआड ठेवलेला संबंध हा गुन्हा. त्या खटल्यातला माणूस अटलांटात त्याच्या स्वतःच्या खोलीत पकडला गेला होता. हा निकाल २००३ पर्यंत टिकला. म्हणजे दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत, ‘तुमचे संबंध कोणाशी?’ या नर्सच्या प्रश्नाला खरं उत्तर देणं हे गुन्ह्याची कबुली देण्यासारखंच होतं. आपल्याकडे ३७७ कलमाच्या काळात काम केलेल्या कार्यकर्त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवसांत गोऱ्या समलैंगिकांच्या संस्थांमध्येही ‘चाचणी करू नका’ असं सांगणारे पुष्कळ होते, आणि त्याला कोणी ‘अविश्वासाचा मानसिक आजार’ म्हणालं नाही. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय समजला गेला. तीच शंका कृष्णवर्णीयानं घेतली की टस्कीगीची जुनी जखम. हा दुजाभाव आम्हाला खटकतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये सीडीसीनं छापलं की एड्सच्या रुग्णांत २५ टक्के कृष्णवर्णीय आहेत. लोकसंख्येत ते होते १२ टक्के. पण वर्तमानपत्रांतला चेहरा गोराच राहिला. नाच करणारी जगप्रसिद्ध मंडळी उभी करणारे ॲल्विन एली १ डिसेंबर १९८९ ला वारले. तो नेमका जागतिक एड्स दिन होता. डॉक्टरांनी कारण जाहीर केलं ते रक्तदोषाचं. आईला बोल लागू नये ही एलींची इच्छा होती. मेकन काउंटीतलं ‘बिघडलेलं रक्त’ साठ वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये पुन्हा उच्चारलं गेलं. या खेपेला तो शब्द रुग्णानं स्वतःच्या संरक्षणासाठी निवडला होता.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. १९८५ हे एकच वर्ष धरा. वॉशिंग्टनमध्ये ‘अस हेल्पिंग अस’ सुरू झाली, रेनी चीक्स आणि प्रेम देबेन यांच्या पुढाकारानं. कृष्णवर्णीय समलैंगिकांच्या ‘क्लबहाउस’ या नाचगाण्याच्या अड्ड्याभोवती ती वाढली. लॉस एंजेलिसमध्ये कार्ल बीन यांनी ‘मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट’ काढला. हे बीन आधी गायक. आपण असे जन्मलो याचा अभिमान सांगणारं त्यांचं १९७७ चं गाणं क्लबांत गाजलं होतं. मग ते धर्मोपदेशक झाले आणि समलैंगिकांना दार उघडं असलेलं चर्च त्यांनी स्थापन केलं. फिलाडेल्फियात राशिदा हसन या परिचारिकेनं बेबाशी ही संस्था काढली. बेबाशी हे आद्याक्षरांचं नाव. अर्थ असा की लैंगिक आरोग्याबद्दल कृष्णवर्णीय कृष्णवर्णीयांना शिकवतात. १९८५ साली सगळं जग एड्स हा एकच शब्द घोकत असताना या बाईंनी नावात ‘लैंगिक आरोग्य’ ठेवलं, याचं आम्हाला विशेष वाटतं. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये चार्ल्स एंजल यांनी आफ्रिकी वंशाच्या समलैंगिक पुरुषांची ‘जीमॅड’ ही संघटना उभी केली.

या लोकांकडे पैसा नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांनी ओळखली: चाचणी कोणत्या खोलीत होते यावर पुष्कळ काही ठरतं. ज्या खोलीत निकाल हातात पडल्यावर बसून बोलायला आपल्यासारखा दुसरा माणूस आहे, संध्याकाळी जेवायला बोलावणारा कोणी आहे, तिथे करार पुन्हा जोडता येतो. १९८९ मध्ये हार्लेम हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या पर्नेसा सील यांनी चर्चना हाताशी धरून प्रार्थना सप्ताह घडवला. प्रार्थनेनं विषाणू जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं, त्या स्वतः रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासक. पण ज्या चर्चमधून मुलगा बाहेर हाकलला गेला होता, त्याच चर्चमध्ये त्याच्या आजाराचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं. ही छोटी गोष्ट नव्हे.

१९९६ ला औषधांची नवी जोडणी आली आणि एचआयव्ही हा मरणाचा निरोप राहिला नाही. आता तरी चाचणीच्या बदल्यात काही मिळणार होतं. कोणाला? गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी विमा योजना आहे. पण धडधाकट, मूलबाळ नसलेला गरीब माणूस तिच्यात साधारणपणे बसत नसे, अपंगत्व लागे. नुसत्या एचआयव्हीनं अपंगत्व सिद्ध होत नव्हतं, एड्सपर्यंत पोचल्यावर होत होतं. म्हणजे गोळ्यांनी जो आजार टळला असता, तो झाल्याशिवाय गोळ्या नाहीत. नव्या आरोग्य कायद्यानं २०१४ पासून हे बदललं, पण राज्यांना मोकळीक राहिली, आणि मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया यांनी ती योजना वाढवली नाही. कृष्णवर्णीय लोकसंख्या जिथे दाट, तीच ही राज्यं. औषध-साहाय्याचा दुसरा एक कार्यक्रम होता. २०११ मध्ये त्याच्या प्रतीक्षायादीवर ९ हजारांहून अधिक माणसं होती, बहुतेक दक्षिणेतली. चाचणी केलेली, निकाल ठाऊक असलेली माणसं. मेकन काउंटीतली ओळ पुन्हा वाचावी तसं: पैसे संपले, उपचार थांबले, चाचणी चालू राहिली.

साध्या गोष्टीही आडव्या येत. २००२ पर्यंत निकालाला आठवडा-दोन आठवडे लागत. २००० साली सरकारी केंद्रांवर पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक निकाल घ्यायला परतलेच नाहीत. दोनदा रजा, दोनदा बसचं भाडं. नोव्हेंबर २००२ मध्ये वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणी मंजूर झाली आणि या ‘अविश्वासा’तला बराचसा भाग एका यंत्रानं सोडवला!

याच सुमारास माध्यमांनी नवा खलनायक शोधला: ‘डाउन लो’, म्हणजे बायकोच्या नकळत पुरुषांशी संबंध ठेवणारा कृष्णवर्णीय पुरुष. २००४ मध्ये तो टीव्हीवर जिकडेतिकडे होता. मुद्दा असा पसरला की हे लोक लपतात, बेफिकीर वागतात, म्हणून साथ पसरते. तेव्हा सीडीसीत असलेले ग्रेग मिलेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध सगळे अभ्यास गोळा करून २००६ मध्ये मांडणी केली. कृष्णवर्णीय समलैंगिक पुरुष जास्त धोक्याचं वागतात? पुरावा नाही. लपवतात म्हणून जास्त लागण? पुरावा नाही. नशेमुळे? तोही नाही. टिकले ते दोन मुद्दे: इतर लैंगिक आजारांचं प्रमाण जास्त, आणि एचआयव्हीचं निदान न होणं किंवा उशिरा होणं.

वागणं सारखं आणि लागण जास्त, हे कसं? दोन गावं घ्या. दोन्हीकडे माणशी पाण्याचे घडे तेवढेच. एका गावातली विहीर दूषित आहे, आणि ती कोणी साफ करत नाही. त्या गावात जुलाब जास्त होणार. तिथली माणसं घाणेरडी असं त्यावरून ठरत नाही. ज्या समाजात निदान न झालेले, औषध न मिळालेले लोक जास्त, तिथे एका जोडीदारातही धोका जास्त. २०१६ मध्ये सीडीसीनं हिशेब मांडला की दर असेच राहिले तर दोन कृष्णवर्णीय समलैंगिक किंवा उभयलैंगिक पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल. गोऱ्यांत हे प्रमाण अकरात एक होतं.

शेवटचा मुद्दा शरीराचा आहे, आणि तो संकोच न करता बोलायला हवा. गनोरिया आणि क्लॅमिडिया तपासायला बहुतेक दवाखान्यांत लघवी घेतात. पण पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांत हे आजार घशात आणि गुदद्वारात असतात, बहुधा काही लक्षण न दाखवता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पाहणीत, २००५ मध्ये छापलेल्या, असं दिसलं की निम्म्याहून अधिक लागण या जागी होती. लघवीचा निकाल ‘निगेटिव्ह’ येतो, माणूस निश्चिंत घरी जातो, आणि गुदद्वारातली लागण एचआयव्हीला वाट करून देत राहते. मिलेट यांच्या यादीतला पहिला मुद्दा आठवा.

सीडीसीनं या तिन्ही जागा वर्षातून एकदा तपासाव्यात असं २००२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण घसा आणि गुदद्वारासाठी चाचणीला अधिकृत मंजुरी मिळाली ती मे २०१९ मध्ये. मधली सतरा वर्षं ज्या प्रयोगशाळांनी स्वतःच्या खर्चानं पद्धत पडताळून घेतली, त्यांच्याकडेच ती होत होती. मोठ्या शहरांतल्या खास दवाखान्यांत हे जमलं, ग्रामीण मिसिसिपीतल्या आरोग्य केंद्रात जमण्याची शक्यता कितीशी? आणि नमुना घ्यायचा तर डॉक्टरनं आधी विचारायला हवं. कित्येक डॉक्टर विचारत नाहीत. विचारलं तर तोंड वेडंवाकडं करतात. म्हणून रुग्णानं संडासात जाऊन स्वतःच कापसाची काडी फिरवून नमुना द्यायचा, ही युक्ती निघाली. डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याइतकीच ती भरवशाची ठरली. काही दवाखान्यांत आता संडासाच्या भिंतीवर ते कसं करायचं याचं चित्रच लावलेलं असतं.

आम्ही इथे थांबतो. प्रतिबंधक गोळीबद्दल, म्हणजे प्रेपबद्दल, चिठ्ठ्या आलेल्या दिसतायत. ती घेणाऱ्याला दर तीन महिन्यांनी चाचणी करावी लागते, तेव्हा तो विषय याच धाग्याला जोडून घेता येईल. पहिला प्रश्न कोणाचा?